घर विकणे आहे

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-२७



बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणच्या आपल्या मंडळ्यांत आज एक पाटी पुष्कळ दारांवर दिसते : ‘घर विकणे आहे.’ वाडवडिलांनी नोकरीतून पै पै साठवून घर बांधले. मुले पुण्याला, बंगळूरला, कोणी परदेशी गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना जिना चढवत नाही. कोणी मुलाजवळ फ्लॅट घेतला आहे. त्याचे हप्ते सुरू झाले, पण जुने घर काही जात नाही. गिऱ्हाईक येते, चहा घेते, भिंतीवर हात फिरवते, ‘कळवतो’ म्हणते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. नोव्हेंबर २०१६ मधील नोटबंदीनंतर आणि पुन्हा २०२० च्या टाळेबंदीत असे कित्येक व्यवहार जागच्या जागी थांबले होते. काही गल्ल्यांत तर बाजार नेहमीच मंद असतो. अशा घरात रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक प्रश्न उरतो : देव आमचे ऐकत नाही काय?

ह्या प्रश्नाला तोंड देण्यासाठी आपण यिर्मयाकडे जाऊ.

इ. स. पूर्वी ५८७ च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे आणि संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो व म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. अनाथोथ यरुशलेमेपासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर आहे. म्हणजे तो मुलूख शत्रूच्या टाचेखाली आलेला. ह्या अध्यायावर बोलताना आपण नेहमी घेणाऱ्याचा विश्वास पाहतो. आज क्षणभर विकणाऱ्याकडे पाहू. हानामेल का विकत होता हे शास्त्र सांगत नाही. परंतु त्या दिवसांत त्या शेताला दुसरे गिऱ्हाईक कोठून मिळणार? याहून मंद बाजार कोणता असेल?

यिर्मयाने १७ शेकेल रुपे तोलून दिले. आजच्या मापाने ते सुमारे दोनशे ग्रॅम भरेल. त्याने खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहरबंद व एक उघडी अशी दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवविली. नगर पडायला आले होते, तरी व्यवहारात एकही पायरी गाळली नाही. आणि हे सर्व झाल्यावर त्याने प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत तो आपला गोंधळ लपवीत नाही : प्रभो, नगर तर शत्रूच्या हाती जात आहे, आणि तू मला शेत घ्यावयास सांगतोस! देवाने त्याला रागे भरले नाही. मला काही अशक्य आहे काय, असे विचारले, आणि ह्या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील असे अभिवचन दिले. पण शेताचा भाव लवकर चढेल असे काही सांगितले नाही. तीन अध्याय आधी सांगितलेली मुदत तर सत्तर वर्षांची होती.

यावरून पहिली गोष्ट ही की, विकले न गेलेले घर हे देवाच्या नाराजीचे चिन्ह नव्हे. कोणी म्हणेल, वास्तुदोष आहे, दार फिरवा. आपल्यातलाच कोणी म्हणेल, तुमच्या विश्वासात काही कमी आहे. आपण दोघांचेही ऐकू नये. आणि ‘घर जाऊ दे, मग मंदिराला इतके देईन’ असा सौदाही देवाशी करू नये. तो गिऱ्हाईक नाही, बाप आहे. यिर्मयाने गोंधळ सांगितला तसा आपणही सांगावा.

दुसरी गोष्ट अशी की, मंदी आपला धीर पाहण्याआधी आपला खरेपणा पाहते. दोन वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला कोणतीही आडवाट बरी वाटू लागते. पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीला आदल्या आठवड्यात रंग देणे, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटते हे न सांगणे, शेजाऱ्याशी चाललेला हद्दीचा वाद झाकणे. आणि सर्वांत नेहमीचे म्हणजे ‘एवढे पांढरे, एवढे रोख.’ स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून कायद्याने मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पण दंड नसता तरी लेवीय २५:१४ आहेच : विकताना व घेताना बंधूला लुबाडू नये. बर्णबाने शेत विकले आणि हनन्यानेही विकले. दोघांत फरक किती दिले याचा नव्हता. रक्कम हनन्याच्याच हाती होती असे पेत्र स्वतः म्हणतो. फरक किमतीविषयी खोटे बोलण्याचा होता.

घरच्या माणसांशीही हाच खरेपणा हवा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर विधवेला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश हिस्सा मिळतो आणि त्यात मुलगा व मुलगी समान असतात. (गोव्यात कायदा वेगळा आहे.) कित्येक घरे भावामुळे अडत नाहीत, तर बहिणीला न विचारता पाटी लावली म्हणून अडतात. तिची सही ‘नंतर घेऊ’ म्हणू नये.

कोणी विचारील, मग किंमत उतरवावी की नाही? आपण लावलेली किंमत पुष्कळदा आठवणींची असते. ह्या खोलीत बाबा गेले, ह्या अंगणात मुलीचे लग्न झाले. ते गिऱ्हाइकाला विकत घेता येत नाही. त्याच गल्लीत अलीकडे नोंदलेली खरेदीखते काय सांगतात ते पाहावे. घरपट्टी, दुरुस्ती आणि हप्ते यांत दरमहा काय जाते ते कागदावर मांडावे. हिशेब सांगत असेल तर किंमत उतरविण्यात लाज नाही. पण एका वाईट आठवड्याला भिऊन घर फुंकूनही टाकू नये.

तिसरी गोष्ट मंडळीसाठी आहे. हानामेल यिर्मयाकडे आला, कारण सोडवणूक करण्याचा हक्क जवळच्या नातलगाचा होता. ख्रिस्तात आपण एकमेकांचे नातलग आहोत. आपल्या सर्वांजवळ घर घ्यायला पैसे नसतात. परंतु बँकेतून किंवा कचेरीतून निवृत्त झालेले वडील एकट्या विधवेचे कागद तपासून देऊ शकतात. तरुण संघातील कोणी गिऱ्हाईक येते त्या वेळी तिच्याजवळ बसू शकतो, म्हणजे तिला दरडावून कोणी इसार देणार नाही. घर जाईपर्यंत दोन खोल्या एखाद्या नर्सला रीतसर करारपत्र करून भाड्याने देता येतील; हप्त्याला हातभार लागेल. आणि घेणारा आपल्यातलाच असेल, तर त्याने नीतिसूत्रे २०:१४ वाचावे. तेथील गिऱ्हाईक माल वाईट, वाईट म्हणत भाव पाडतो आणि घरी जाताना फुशारकी मारतो. बंधूची अडचण ही आपली संधी नव्हे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना एक मडके व एक कागद वर्गात न्यावा. मुले मडके विसरणार नाहीत. वाईट दिवसांतही खरा कागद जपून ठेवायचा असतो, एवढे त्यांना कळले तरी पुरे.

प्रियांनो, पाटी आज उतरेल, पुढच्या वर्षी उतरेल, कदाचित आपण ठरविलेल्या किमतीला कधीच उतरणार नाही. पण घर विकले जाईपर्यंत आपण विकले जाऊ नये. ज्या प्रभूने आपल्याला मोल देऊन सोडविले, त्याने आपली किंमत बाजार पाहून ठरविली नाही. ज्या घरी ही वाट पाहणे चालू आहे, त्या घराचे नाव येत्या रविवारी प्रार्थनेत घ्या, आणि सोमवारी त्यांच्या दारी जा.

प्रभू त्यांना धीर देवो आणि आपल्याला खरेपणा देवो. आमेन.