लाइन कोणाची?



मोबाइल खिशात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी माणसाने टेलिफोन मोटारीत बसवला होता. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुई या शहरात ही सेवा सुरू झाली. (फ्रान्सचा राजा नववा लुई, ज्याला ख्रिस्तसभेने संतपद दिले, त्याच्याच नावाचे हे शहर.) सेवा देणारी कंपनी साउथवेस्टर्न बेल, आणि तिची मालक एटी अँड टी. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो. ते मोटारीच्या डिकीत बसवत आणि रिसीव्हर तेवढा चालकाच्या हाताशी, डॅशबोर्डखाली असे. महिन्याचे १५ डॉलर, शिवाय दर स्थानिक कॉलला ३० ते ४० सेंट. १९४८ पर्यंत जवळजवळ १०० शहरांत आणि हमरस्त्यांवर ही सोय झाली, तरी साऱ्या देशात ग्राहक होते अवघे ५०००. वीज आणि गॅस कंपन्यांच्या दुरुस्तीच्या गाड्या, ट्रकचे धंदेवाले, वर्तमानपत्रांचे बातमीदार, असे ते लोक.

आमच्या रविवारच्या पत्रिकेत हे कशासाठी, असे आपण विचाराल. त्या यंत्राच्या बांधणीतच एक नैतिक प्रश्न बसलेला होता, म्हणून. बोलण्याच्या वाटा थोड्या आणि बोलू पाहणारे पुष्कळ, अशा वेळी ती वाट कोणाची?

आधी ते यंत्र चालायचे कसे ते पाहू. शहरात उंच जागी एक मोठा ट्रान्समीटर असे, २५० वॅटचा. त्याचा आवाज शहरभर जाई. मोटारीतल्या यंत्राची ताकद मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसे. त्याचा क्षीण आवाज टिपण्यासाठी शहरात ठिकठिकाणी रिसीव्हर बसवलेले असत आणि तिथून तो तारेने एक्स्चेंजमध्ये जाई. गाडीतल्या माणसाने प्रथम रिसीव्हर कानाला लावून वाट मोकळी आहे का ते ऐकायचे. मोकळी असली तर बटण दाबून ऑपरेटरला हाक द्यायची, नंबर सांगायचा, मग ती तो जोडून देणार. बटण दाबून ठेवले असेतो बोलता येई, पण ऐकू येत नसे. पलीकडचे ऐकायचे तर बटण सोडावे लागे. आणि अशा वाटा, म्हणजे चॅनेल, इतके थोडे की एका शहरात एका वेळी तीनच ग्राहकांना बोलता येई. चौथ्याने थांबायचे.

हा थांबलेला माणूस पुन्हा पुन्हा रिसीव्हर कानाला लावून पाहणार, आणि तिथे त्याला दुसऱ्याचा संसार ऐकू येणार. कोणाचे कर्ज, कोणाचे भांडण, कोणाचे आजारपण. खाजगी असे त्या लाइनवर काही नव्हतेच. संत थॉमस अक्विनास यांनी परनिंदा आणि चहाडी या दोन पापांचा वेगवेगळा विचार केला आहे. निंदा करणारा माणसाचे नाव खराब करतो, चहाडी करणारा दोघांची मैत्री तोडतो. अनायासे कानावर पडलेले गुपितही गुपितच असते. कोणावर गंभीर संकट येणार असेल आणि ते टाळायचे असेल, तरच ते उघड करण्यास वाव आहे. एवढे या बाजूविषयी पुरे. आमच्या गावांतील नळावर आणि पारावर हा विषय सर्वांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

आम्हाला अधिक विचार करावासा वाटतो तो बोलणाऱ्याविषयी. तो म्हणेल, ‘मी पैसे भरले आहेत, माझा नंबर आधी लागला आहे, मी वाटेल तितका वेळ बोलेन.’ यात खोटे काही नाही. पण तो ज्या वाटेवरून बोलतो ती त्याने विकत घेतलेली नाही. त्याने पैसे मोजले ते यंत्राचे आणि सेवेचे. रेडिओच्या लहरी पावसासारख्या, नदीसारख्या सर्वांच्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात हेच सांगितले, की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. योगायोग असा, की त्याच वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. ख्रिस्तसभेची शिकवण याहून बरीच जुनी आहे. वस्तू आपली म्हणून सांभाळावी, मात्र वापरताना ती सर्वांसाठी आहे असे समजून गरजवंताला द्यायला तयार असावे, असे संत थॉमस तेराव्या शतकात सांगून गेले. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या विश्वपत्रात खाजगी मालकीचा हक्क सर्वांच्या उपयोगाच्या हक्काखाली ठेवला.

आपल्याकडे ट्रंककॉलचे दिवस आठवणारी मंडळी अजून आहेत. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते आणि जास्त पैसे भरणाऱ्याचा नंबर आधी लागे. ज्याच्या घरी मयत झाले तो आणि ज्याला कापसाचा भाव विचारायचा तो, दोघांना दर एकच. सेंट लुईत जो आधी येई तो आधी बोले. दोन्हीकडे रांग ठरे, पण गरज कोणाची मोठी हे यंत्र विचारीत नसे. ते विचारणे माणसावर सोडलेले होते.

इथे एक खरी अडचण आहे आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती आम्ही पुष्कळ चघळली आहे. बोलणाऱ्याला आपल्यामागे कोण थांबले आहे हे कळणार कसे? त्याचे बटण दाबलेले आहे. त्याला थांबलेल्याचा आवाज येत नाही, चेहरा दिसत नाही. जो आहे हेच ठाऊक नाही, त्याच्याविषयी कर्तव्य असू शकते का? नैतिक धर्मशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार करते. एक, जे दूर करणे माणसाच्या हातात नव्हते. त्याचा दोष लागत नाही. दुसरे, जे थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते. त्याची सबब चालत नाही. मोटारीतल्या त्या ग्राहकाला थांबलेल्याचे नाव ठाऊक नव्हते हे खरे. पण साऱ्या शहरात वाटा तीन आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. मग कोणीतरी थांबलेला असणार, हेही ठाऊकच होते. माणूस दिसला नाही तरी त्याची जागा दिसत होती. आमच्या मते कर्तव्याला एवढे ज्ञान पुरते.

वाट दुर्मिळ असली की बोलणे नेमके होते. आमच्या कौंडण्यपुराला हे कोणी सांगायला नको. इथल्या हिंदू बांधवांच्या श्रद्धेनुसार रुक्मिणीने याच गावाहून द्वारकेला श्रीकृष्णाकडे एका ब्राह्मणाहाती निरोप धाडला. भागवतात तो निरोप सात श्लोकांचा आहे. वर्धा नदीच्या काठापासून द्वारकेपर्यंतची ती वाट, एकच निरोप्या, आणि लग्नाचा दिवस जवळ आलेला. तिने मनातले आणि कामाचे तेवढे सांगितले, आणि पुढचे ऐकणाऱ्यावर सोडले.

पुढे यंत्र सुधारले. १९६४ पासून गाडीतून स्वतः नंबर फिरवता येऊ लागला, बटणाची कटकट गेली, दोघे एकाच वेळी बोलू-ऐकू लागले. पण वाटा थोड्याच राहिल्या. न्यूयॉर्कसारख्या शहरात २००० ग्राहकांना मिळून १२ चॅनेल होते आणि एक कॉल लावायला अर्धा अर्धा तास थांबावे लागे. प्रत्येकाची सोय वाढली, रांग मात्र तशीच राहिली.

यावरचा उपाय गंमतीचा आहे. तो कागदावर १९४७ मध्येच मांडला गेला होता. बेल प्रयोगशाळेतील डी. एच. रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुचले ते असे : शहरावर एकच मोठा आवाज गाजवू नका. शहराचे छोटे छोटे भाग करा, प्रत्येक भागात कमी ताकदीचा ट्रान्समीटर ठेवा. आवाज हळू असला की तो आपल्या भागापुरता राहतो, आणि तीच लहर थोड्या अंतरावर दुसऱ्या कोणाला वापरता येते. गाडी एका भागातून दुसऱ्यात गेली की तिचा कॉल पुढच्या ट्रान्समीटरने सांभाळायचा. १९७९ मध्ये टोकियोत मोटारींतील फोनसाठी अशी सेवा सुरू झाली, १९८३ मध्ये शिकागोत. आज आपल्या हातातला फोन त्याच तत्त्वावर चालतो. पुष्कळांना बोलता यावे म्हणून प्रत्येकाचा आवाज लहान केला, एवढीच ती युक्ती आहे. अभियंत्यांना ती सुचली. आपल्या ग्रामसभांना, आणि खरे सांगायचे तर आमच्या धर्मग्राम समितीलाही, ती अजून सुचायची आहे.

तेव्हा लाइनची टंचाई आज उरलेली नाही. प्रश्नही मिटला का?

वऱ्हाडात ज्या घरांतील कर्त्या पुरुषाने कर्जापायी आणि नापिकीपायी जीव दिला, अशा काही घरांत आम्ही प्रार्थनेसाठी बसलो आहोत. धर्म कोणताही असो, ओसरीवरचे दुःख एकच असते. तिथे एक वाक्य हमखास कानी येते : ‘काईच बोल्ला नाई जी थो.’ त्या माउलीचा त्यात काही दोष नाही, आणि कोणावर बोट ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. कर्जाचे, पावसाचे, भावाचे ओझे एका घराच्या उंबऱ्याआत मावणारे नसते. तरी परतीच्या वाटेवर मनात येते, की तो बोलला नाही, की त्याला वाट मोकळी मिळाली नाही? शेवटच्या आठवड्यात तो सोसायटीत गेला असेल, दुकानावर बसला असेल, एखाद्या लग्नाच्या पंगतीत असेल. तिथे आपण सारे बोलत होतो. भाषणे होती, सल्ले होते, टीव्हीवर त्याच्याविषयीच चर्चा होती. बटण दाबून ठेवलेले होते. तो चौथा माणूस होता.

संत मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा बार्तिमय आपल्याला भेटतो. येशूबरोबर मोठा लोकसमुदाय चालला आहे आणि हा रस्त्याच्या कडेला बसून ओरडतो आहे. लोक त्याला दटावतात. ते दुष्ट नाहीत. ते प्रभूच्या सोबतीने निघालेले भाविक आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने लाइन त्यांची आहे. येशू थांबतो. तो बार्तिमयाला बोलावून घ्यायला सांगतो आणि दटावणाऱ्यांनाच त्याला बोलवायला जावे लागते. मग येशू त्याला विचारतो की तुला काय हवे. आंधळ्याला काय हवे असणार हे कोणीही सांगू शकला असता. तरी तो विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. आम्हाला या प्रसंगात चमत्काराइतकेच ते थांबणे मोठे वाटते.

आज प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र वाट आहे. त्यामुळे आपण कोणाची वाट अडवत नाही, असे आपल्याला वाटते. पण रांग फक्त जागा बदलून उभी आहे. खाटेवरचा म्हातारा बाप मुलाच्या कानातले यंत्र निघण्याची वाट पाहतो. शाळेतून आलेले पोर आईचा फोन संपण्याची वाट पाहते. गाडी चालवताना हातात फोन धरणे कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कडकही झाला. रस्त्यावरून पायी जाणारा माणूसही त्या बोलण्याच्या रांगेत असतो, फक्त त्याला ते माहीत नसते. कायदा चालकाचा हात मोकळा करील. त्याचे लक्ष मोकळे करणे कायद्याच्या आवाक्यात नाही.

या महिन्याच्या वस्ती-बैठकीत आपण यावर बोलू या. एक विनंती. बोलण्याची सुरुवात, जे बैठकीत कधीच बोलत नाहीत त्यांच्यापासून करावी, आणि ते गप्प राहिले तर दोन मिनिटे सर्वांनी गप्प राहावे.

आजाऱ्याला रुग्णाभ्यंग संस्कार हवा असल्यास वेळ पाहू नये. आमचा फोन लागला नाही किंवा व्यस्त आढळला, तर कोणाला तरी पाठवून धर्मगुरूनिवासाचे दार वाजवावे.

— आपले धर्मगुरू