एकाला जमलं म्हणजे सगळ्यांना जमतं?

रोइंगमध्ये उंच, दणकट माणसाचं वल्हं लांब पल्ला घेतं. हा फायदा सरावाने मिळत नाही, जन्माने मिळतो. म्हणून १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये 'लाइटवेट' गट होता. त्यात पुरुषांच्या वजनाची मर्यादा ७२.५ किलो, जोडीची सरासरी ७०. पॅरिस २०२४ नंतर हा गट बंद झाला.

ग्रीसचा स्टेफानोस दुस्कोस रिओत लाइटवेट चौघांच्या बोटीत होता. टोकियोत तो खुल्या गटात एकटा उतरला आणि ऑलिम्पिक विक्रमासह सुवर्ण जिंकला. मग वाटतं, हलका माणूस जिंकू शकतो, तर वेगळा गट हवा कशाला?

हाच तर्क चाकणमध्ये मी वेगळ्या रूपात ऐकतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांसमोर कुणी पाहुणा वक्ता दत्तू भोकनळची गोष्ट सांगतो. चांदवड तालुक्यातलं दुष्काळी तळेगाव रोही, विहिरी खोदणारं घर, आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा क्रमांक. शेवट ठरलेला: "तो करू शकतो, तर तुम्ही का नाही?"

गोष्ट खरी आहे, निष्कर्ष खोटा. दत्तूची मेहनत अफाट होतीच. पण २०१२ मध्ये तो सैन्यात गेला, तिथे प्रशिक्षकाला त्याची उंची दिसली, आणि दापोडीच्या सीएमईत बोट, पाणी, खुराक मिळाला. यातलं काहीच त्याने एकट्याने कमावलं नव्हतं. ती उंची नसती, तर तीच मेहनत कुणाला दिसली असती?

गटालाही दोष आहेत. शर्यतीआधी घाम गाळून वजन उतरवणं शरीराला घातक. शिवाय ७३ किलोवाल्याने काय पाप केलं? पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ती थोडी चुकली म्हणून पुसून टाकली, तर फायदा पुन्हा दणकटांचाच. अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग टोकियोत अकरावे आले, ते याच गटात. रोइंगमधली भारताची तोवरची ती सर्वोत्तम ऑलिम्पिक कामगिरी.

अपवाद दाखवतो की दार पूर्ण बंद नाही. ते किती उघडं आहे, हे मात्र बाहेर उभ्या राहिलेल्यांना मोजल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांच्यावर कुणी भाषण देत नाही.