उपकार कशाचे मानायचे?



२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला आणि नदीकाठच्या बांध्यांतले धान पाण्याखाली गेले. कोरोनामुळे बंद असलेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. त्या वर्षीचा नाताळ आपण मोजक्यांनीच साजरा केला. तेव्हाचा प्रश्न अवकाळी पावसात धानाचे पुंजणे भिजले की आजही उभा राहतो : हाती काही उरले नसताना उपकार कशाचे मानायचे?

सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असे संत पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. स्थितीत, स्थितीबद्दल नव्हे. पूर भल्यासाठीच आला, असे शोकात असलेल्या शेजाऱ्याला सांगणे ही कृतज्ञता नव्हे, निष्ठुरता आहे. ‘इतरांपेक्षा आपले बरे’ हाही नुसता हिशोब झाला. उपकार मानणे म्हणजे आपल्याला सावरणारा हात ओळखणे : उसने बियाणे देणारा, आजाऱ्याच्या दारी डबा ठेवून जाणारा.

प्रभू येशूने विश्वासघाताच्या रात्रीच भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली आणि ती मोडून शिष्यांना दिली. उपकार मानणे आणि वाटून देणे त्याने वेगळे ठेवले नाही. या नाताळात आपल्या घरचा फराळ ज्या घरी यंदा चूल मंद आहे तिथे आधी पोहोचवू या. आपली उपकारस्तुती तिथूनच सुरू होवो.