लांबच्या मुलाला सांगितलेली गोष्ट

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरून कोकणी माणसाच्या पिढ्या मुंबईला गेल्या. आगबोट खोल पाण्यात उभी राही, पडावात बसून तिच्यापर्यंत जावं लागे आणि पावसाळ्यात ही वाटही बंद होई. गेलेल्यांची मुलं तिकडेच वाढली, नातवंडं त्याहून लांब. अशा मुलांना घरची गोष्ट सांगायला बसलं की सांगणाराच पहिल्यांदा ती नीट समजून घेतो. चांगलं बालसाहित्य इथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

जवळच्या मुलाला फार सांगावं लागत नाही. त्याने सगळं पाहिलेलं असतं. लांबचं मूल मात्र 'का?' विचारतं आणि त्याला टाळता येत नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी 'श्यामची आई' लिहायला बसले ते १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. पुस्तकातला श्यामही आपली आई आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो. त्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून तिचं रागावणंही त्याला कारणासकट सांगावं लागतं.

तेच अमेरिकेत वाढलेल्या लेखिका सुप्रिया केळकरांचं. मिशिगन विद्यापीठात शिकून त्या हिंदी चित्रपटनिर्माते विधु विनोद चोप्रांच्या लेखकांत सामील झाल्या. 'लगे रहो मुन्नाभाई'च्या वेळी त्या तिथे होत्या. त्यांची पणजी म्हणजे स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे नागपूरच्या खासदार झालेल्या अनसूयाबाई काळे. त्यांच्यावरून सुचलेली 'अहिंसा' ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली आली. केळकरांनी तिथे पणजीचं चरित्र लिहिलं नाही. १९४२ सालची दहा वर्षांची अंजली घेतली आणि स्वातंत्र्यचळवळीत उतरलेली आई तिच्या नजरेतून दाखवली. परदेशी कापडाचे आवडते कपडे का टाकायचे? ज्यांना शिवायचं नाही असं आजवर शिकवलं, त्यांच्याकडे आता का जायचं? इतिहासाच्या धड्यात एका ओळीत संपणारी गोष्ट इथे मुलीच्या कपाटापर्यंत आणि जिवापर्यंत येते.

केळकरांच्याच २०२० सालच्या 'अमेरिकन ॲज पनीर पाय' या पुस्तकात लांबचं मूल शेजारच्या बाकावरच बसलेलं आहे. मिशिगनमधल्या लेखा दिवेकरच्या कपाळावर टिकलीसारखी जन्मखूण आहे. वर्गातली मुलं चिडवतात, म्हणून लेखा ती केसांखाली झाकते. घरची लेखा वेगळी, शाळेतली वेगळी. हळूहळू तिला कळतं, की आपण गप्प राहिलो तर आपली गोष्ट दुसरेच सांगतात, आणि तीही चुकीची.

आता आपल्याकडे पाहू. रत्नागिरीत शाळेला जाणारं मूलही १९४२पासून लांबच आहे. परदेशी कपड्यांची होळी त्याने पाहिलेली नाही, शिवाशिवीबद्दल घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही. त्याला हे ठाऊकच असेल असं धरून आपण लिहितो, आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून हळहळतो. त्याचा 'का?' आधी ऐकावा, मग लेखणी उचलावी. मुलांसाठी लिहिणाऱ्याचं पहिलं काम तेच आहे.