चूक, खोट आणि लोहचुंबक

मराठीत ‘खोट’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. वस्तूतील उणीव ही खोट आणि मनातील कपट हीही खोट. एरवी या दोहोंची गल्लत होत नाही. परंतु मागील पावसाळ्यात एका नाण्यापायी ती माझ्या हातून होऊ पाहत होती, म्हणून हा प्रपंच.

नात्यातले एक काका तीस वर्षे बोटीवर नोकरीला होते. अमेरिकेतील कुठल्याशा बंदरातून त्यांनी एका सेंटचे तांबूस नाणे विकत आणले होते. त्यावर १९४३ हे साल. ‘जपून ठेव, अडीअडचणीला कामाला येईल,’ असे ते काकूंना सांगत. काका वारले. नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा काकू पेपरमिंटच्या डबीतून ते नाणे घेऊन माझ्याकडे आल्या. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे, हे त्यांना ठाऊक होते. शेजारच्या गावातला एक गृहस्थ काकांच्या शब्दावर विसंबून पंचवीस हजार रुपये द्यायला तयार होता. ‘तू फक्त एकदा बघ,’ काकू म्हणाल्या आणि डबी ठेवून गेल्या.

काकांनी ऐकलेली कथा खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे युद्धसामग्रीसाठी हवे होते. म्हणून १९४३ साली अमेरिकेच्या टांकसाळींनी सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. त्यांची संख्या शंभर कोटींहून अधिक भरते. आदल्या वर्षाच्या ब्राँझच्या काही कोऱ्या चकत्या मात्र कुठेतरी अडकून राहिल्या असाव्यात, त्या नव्या चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या. अशी नाणी आज वीसेकच ज्ञात आहेत. २०१९ साली त्यांपैकी एकाला लिलावात दोन लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

साहजिकच या चुकीची नक्कल सुरू झाली. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देणे सोपे. पण तो सेंट लोहचुंबकाला चिकटतो आणि वजनात २.७० ग्रॅम भरतो, तर ब्राँझचा ३.११ ग्रॅम. याहून हुशार माणसे १९४८चा सेंट घेतात आणि शेवटच्या आठाची डावी बाजू खरवडून त्याचा तीन करतात. इथे चुंबक आणि तराजू दोन्ही हात टेकतात, कारण धातू अस्सल, वजनही बरोबर. भिंग मात्र फसत नाही. १९४३च्या अस्सल नाण्यावर तीनचे शेपूट ओळीच्या बरेच खाली उतरलेले असते, आणि खरवडलेल्या आठातून ते निघत नाही.

असाच दुसरा दाखला डेन्व्हरच्या टांकसाळीतल्या १९३७च्या पाच सेंटच्या नाण्याचा. त्यावरील गव्याला तीनच पाय आहेत. दोन ठसे मध्ये चकती नसताना एकमेकांवर आदळले की त्यांवर वळ उठतात. ते घालवण्यासाठी कामगाराने ठसा घासला तो जरा जास्तच, आणि उथळ कोरलेला पुढचा उजवा पाय पुसला गेला. लबाड माणूस साध्या नाण्यावरचा तोच पाय खरवडून काढतो. वरवर पाहता दोन्ही गवे सारखेच लंगडे. परंतु अस्सल नाण्यात घासण्याची खूण एकट्या पायापुरती राहिलेली नसते. मागचा पायही कसर लागल्यासारखा झिजलेला दिसतो आणि पोटाखालून जमिनीकडे बारीक उठावदार ठिपक्यांची रांग जाते. नकली नाण्यात बाकी सारे जिथल्या तिथे. बहुतेक लबाड माणसे लोकांची नजर जिथे जाणार तेवढ्याच जागी मेहनत घेतात. चुकीला मात्र कोणी पाहणार आहे याची कल्पनाच नसते, त्यामुळे ती हवी तशी पसरते.

आता प्रश्न असा की, दोन नाणी डोळ्यांना सारखीच दिसत असतील, तर एकाला मान आणि दुसऱ्याला कचऱ्याची वाट, हे का? उणीव तर तीच. माझ्या मते आपण दिसण्याला किंमत देत नसून घडण्याला देतो. एक पाय कोणाच्याही इच्छेवाचून गेला, दुसरा कोणीतरी घालवला. इथवर मला सारे स्पष्ट वाटत होते. अडले ते १९५५च्या सेंटपाशी. फिलाडेल्फियात ठसा घडवताना दोन छाप किंचित सरकून बसले आणि साल व अक्षरे दुहेरी उमटली. टांकसाळीच्या लोकांना ही चूक कळली तेव्हा वीस-चोवीस हजार दुहेरी सेंट चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेले होते. सारा ढीग वितळवावा लागला असता, म्हणून त्यांनी तो तसाच बाहेर जाऊ दिला. ठसा चुकला तो अजाणता. नाणी बाहेर गेली ती जाणून. संग्राहक या नाण्याला निर्विवाद अस्सल मानतात, आणि नाणे म्हणून ते आहेही. ज्यांनी ढीग जाऊ दिला त्यांच्याविषयी मात्र माझे मत तितके स्वच्छ नाही.

त्या संध्याकाळी फ्रिजवरचा चुंबक काढून मी काकूंच्या नाण्याजवळ नेला. नाणे उडी मारून चिकटले.

तीन दिवस मी गप्प राहिलो. मनाशी म्हणत होतो, मुलामा देणाऱ्याने कदाचित गंमत म्हणून दिला असेल. अशी नाणी खेळणे म्हणूनही विकली जात. काकांनी ते भाबडेपणाने घेतले असेल. काकू तर निष्पाप आहेत, आणि त्यांनी विकले तर तीही चूकच ठरेल. मुलीची फी भरली जाईल. या साऱ्या हातांतून ते नाणे चूक म्हणूनच फिरत आले होते. माझ्या टेबलावर येऊन मात्र त्याची जात बदलली होती. मी बोललो नाही, तर कपट सुरू होणार होते ते माझ्यापासून. वितळवण्याचा खर्च दुसऱ्याच्या पदरी पडतो तेव्हा ढीग वितळवा म्हणणे किती कठीण असते, हे मला तेव्हा कळले.

चौथ्या दिवशी मी काकूंकडे गेलो आणि चुंबक लावून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही.

‘यांना ठाऊक होतं का रे?’ त्यांनी विचारले.

‘नाही,’ मी म्हणालो. तसे म्हणायला माझ्यापाशी काहीही आधार नव्हता.

काकूंनी नाणे पदराने पुसले, डबीत ठेवले आणि डबी पुन्हा कपाटात काकांच्या कागदांखाली सरकवली. पुढल्या आठवड्यात त्यांनी दोन बांगड्या गहाण टाकल्या.