फाटकापुरती एकजूट



कामगार संघटनेने आधी काय मागावे? पगार, हेल्मेट, ओव्हरटाइम. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी हेच पहिले. पण तेथेच थांबावे का?

मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे काम थांबले. जालन्यातील पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे काही मजूर रेल्वेमार्गाने पायी निघाले. भुसावळहून गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले. ८ तारखेच्या पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले.

मरण फाटकाबाहेर आले. तेथे पगारवाढीचा करार पोचत नाही. तेथे निवारा, रेशन आणि गावी जाण्याचे भाडे लागते. ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या मजुराला येण्याजाण्याचे भाडे द्यावे, असे १९७९ चा कायदा सांगत होता. पण मागितल्याशिवाय हक्क पदरात पडत नाही, आणि एकट्या परक्याला मागण्याचे बळ नसते.

‘परप्रांतीयांमुळे आपली मजुरी घटते,’ असे आपण ऐकतो. खरे तर तो एकटा आहे म्हणूनच त्याला कमी मजुरीत राबवता येते. तो संघटनेत आला तर दोघांचीही मजुरी टिकेल.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात संघटनेचा हक्क ठामपणे मांडला आणि गटाच्या स्वार्थापासून सावधही केले.

म्हणून संघटनेच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा : येथे कोणाला बोलावलेले नाही?