घड्याळ तेच, भाग निराळे

माणसाला एखादा छंद असावा, असं म्हणतात. त्या छंदाचा घरच्यांना किती उपद्रव असावा, हे मात्र कुणी सांगत नाही. मी बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि रात्री जेवण झालं, की डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडतो. चंद्रपूरची धूळ आणि ४७ अंशांचं ऊन यांमुळे बंद घड्याळांना इथे तोटा नाही. शिवाय मी दुरुस्ती फुकट करतो. या छंदात हाताचं काम थोडं आणि जमिनीवर रांगणं जास्त. चिमट्यातून उडालेला स्क्रू शोधायला मी लोहचुंबक घेऊन पालथा पडलो, की बायको विचारते, "काय करून राहिले जी तुम्ही?" या प्रश्नाला तत्त्वज्ञानात उत्तर नाही.

पण खरा पेच पडला तो बाबांच्या घड्याळामुळे. आईच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, एच. एम. टी.चं 'जनता'. या कंपनीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि निम्म्या देशाच्या मनगटाला वेळ कळू लागली. रोज सकाळी चावी भरायची, की तासाला अठरा हजार ठोके. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. हिशेब माझा, नोकरीची सवय.

बाबा गेल्यावर घड्याळ गडचिरोलीच्या दादाकडे जायचं ठरलं. ते बंद होतं. मी म्हटलं, "फक्त साफ करून देतो." ते 'फक्त' दोन वर्षं चाललं. आधी तुटलेली कमान बदलली. ती बसवताना बॅलन्सचा दांडा माझ्या हातून मोडला. तबकडी पुसायला गेलो, तर 'जनता' ही अक्षरंच पुसली गेली. चाकांचे दात झिजलेले, केस घामानं खाल्लेली. आणि ज्या पितळी प्लेटवर हा सगळा संसार उभा, तिचे आटे मी स्क्रू पिळून घालवले. २०१६ साली सरकारनं एच. एम. टी.ची घड्याळं बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे सुटे भाग मिळवायचे ते भंगारातल्या घड्याळांतून. मेलेल्या जनतेच्या अवयवदानावर जिवंत जनता चालते!

जुना भाग मला टाकवत नाही. सगळे हिंगाच्या रिकाम्या डबीत साठले. एका रात्री ते जुळवून पाहिले, आणि टेबलावर दोन घड्याळं झाली. एक चालतं, पण त्यात बाबांचं काही नाही. दुसरं सगळं बाबांचं, पण चालत नाही. आता तुम्हीच सांगा, दादाला कुठलं द्यायचं?

हा घोळ जुनाच आहे. ग्रीकांच्या थीसिअसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा ते तेच जहाज का, यावर अथेन्सला वाद झाले. सतराव्या शतकात हॉब्जनं विचारलं, त्या जुन्या फळ्या जोडून दुसरं जहाज केलं तर? आपल्याकडे भिक्षू नागसेनानं मिलिंद राजाला दाखवून दिलं, की चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. 'रथ' हे व्यवहाराचं नाव. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तरी उरलेल्या जिल्ह्याला आपण चंद्रपूरच म्हणतो ना!

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमचे केस गेले, दोन दाढा गेल्या, चष्मा आला. मी तोच नवरा म्हणून चालवून घेतेच की!" मुद्दा बिनतोड होता. पण माझे केस आणि दाढा गोळा करून कुणी दुसरा नवरा तयार केला नव्हता.

मनातला कारकून मात्र वेगळंच विचारत होता. भाग बदलले, ही दुरुस्ती. पण ते न सांगता 'फक्त साफ केलं' म्हणून हातात ठेवायचं, ही अफरातफर. घड्याळ तेच की नाही, हा प्रश्न नागसेनाचा. दादाला अंधारात ठेवायचं की नाही, हा माझा.

दोन्ही घड्याळं घेऊन एस. टी.नं निघालो. वैनगंगेच्या पुलापर्यंत खोटं बोलायचं ठरलेलं होतं; पलीकडे गेल्यावर धीर सुटला. दादापुढे डबी उघडली आणि सगळं सांगून टाकलं.

दादा हसायलाच लागला. "अरे, हे मशीन तरी मूळचं कुठलं? तू पाळण्यात होतास. डोंग्यातून नदी ओलांडताना घड्याळ पाण्यात गेलं. बाबांनी आतलं सगळं नागपूरहून बदलून आणलं, आणि मला बजावलं, आईला सांगायचं नाही. तिच्या वडिलांनी दिलेलं होतं ना!"

त्यानं चालणारं घड्याळ मनगटावर बांधलं, चावी भरली, बाबांसारखंच कानाला लावून ऐकलं. बंद घड्याळ डबीसकट मी परत आणलं. त्याला अजून हिंगाचा वास येतो.

यातलं बाबांचं घड्याळ कुठलं, हे अजून ठरलेलं नाही. लपवाछपवीचा स्वभाव मात्र मला थेट बाबांकडून आला. अस्सल, एकही भाग न बदललेला. तो दुरुस्त करायला कुठलं भिंग लागतं, ते शोधतो आहे.